आमची गाडी का तापायची

आमच्या घरात इंजिनाचे दोन तज्ज्ञ होते, त्यामुळे आमची गाडी कधी दुरुस्त झाली नाही.

पहिले तज्ज्ञ अप्पा, म्हणजे माझे वडील. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात बॉयलर फिटर. वाफेच्या इंजिनाच्या पोटात शिरून हातोडीचे ठोके मारायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठली नळी गेली ते सांगायचे. दुसरा तज्ज्ञ मी. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. अप्पांना इंजिन पाठ होतं, पुस्तक माहीत नव्हतं. मला पुस्तक माहीत होतं (आणि आता कबूल करायला हरकत नाही, तेही सहामाहीपर्यंतचंच). घरातलं तिसरं माणूस म्हणजे आई. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण पुढच्या सगळ्या प्रकरणात सामान गेलं ते तिच्याच स्वयंपाकघरातलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कारखान्यात वाफेची इंजिनं कमी कमी होत चालली होती आणि अप्पा घरी गप्प गप्प असायचे. एके दिवशी ते धारवाडला गेले आणि मळमड्डीतल्या एका निवृत्त डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेऊन आले. आमच्या गल्लीत तोवर स्कूटर दोनच होत्या, त्यातली एक ढकलून सुरू व्हायची. लोकांना वाटलं, यल्लाप्पा फिटरला म्हातारचळ लागला. घरात आम्हाला मात्र कारण ठाऊक होतं. कारण आत्ती होती.

आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात एकटी राहायची, एक शेळी आणि भरपूर हट्ट सांभाळून. अप्पा पंधरा वर्षांचे असताना कामाच्या शोधात हुबळीला निघाले, तेव्हा ती अनवाणी त्यांच्याबरोबर अळणावर स्टेशनापर्यंत चालत आली होती. गाडी सुटताना अप्पा खिडकीतून म्हणाले, "अक्का, रडू नको. एक दिवस माझ्या स्वतःच्या मोटारीतनं तुला न्यायला येतो बघ." रडणाऱ्या बहिणीला गप्प करायला माणूस काहीही बोलतो. आत्तीनं ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजव्यानं काही दिसत नव्हतं, डाव्यानं उजेड तेवढा कळायचा. अळणावरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पावसाळ्याच्या आत हुबळीला नेऊन ऑपरेशन करा, मोती फार पिकला तर डोळाच जाईल. अप्पा दोनदा तिला आणायला गेले आणि दोनदा रिकामे परत आले.

"बसनं चल की अक्का."

"तू मोटार घेऊन येतो म्हणालावतास."

"बरं, रेल्वेनं चल. माझीच रेल्वे हाय."

"तुझी व्हय? मग घरात का बांधून ठेवली न्हाईस?"

म्हणून मोटार. ऑपरेशनची तारीख सोमवारची मिळाली होती, रविवारी आत्तीला आणायचं होतं, आणि हातात पंधरा दिवस होते. डॉक्टरांच्या घरून हुबळीपर्यंत गाडी लोण्यासारखी आली होती. बिघडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ते मी बसवलं.

त्याचं असं झालं. गावात अप्पांना कुणी यल्लाप्पा म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. यल्ल्या. केस पिकले, चष्मा लागला, तरी यल्ल्या. चावडीच्या कट्ट्यावर बसलेली, त्यांच्यापेक्षा वयानं लहान माणसंसुद्धा "काय यल्ल्या, कवा आलास?" म्हणायची आणि अप्पा मान खाली घालून "आताच" म्हणायचे. मला त्याचा फार राग यायचा. तेव्हा मी ठरवलं, गाडी गावात शिरेल ती अप्पांचं पूर्ण नाव घेऊनच शिरेल. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात मी जाड पत्र्याची एक पाटी कापली, पितळेची अक्षरं कापून तिच्यावर रिव्हेट मारून बसवली: श्री. यल्लाप्पा धर्मा कांबळे, बॉयलर फिटर, हुबळी. 'श्री' सगळ्यात मोठं.

पाटी मराठीत केली तर गावातले निम्मे लोक म्हणतील, आम्हाला मराठी वाचता येत नाही. कानडीत केली तर उरलेले निम्मे म्हणतील, आम्हाला कानडी येत नाही. (बोलताना सगळ्यांना दोन्ही यायच्या. अडचण वाचायची वेळ आली की सुरू व्हायची.) म्हणून वर कानडी आणि खाली मराठी. कुणालाच पळवाट नको. दोन भाषांमुळे पाटी झाली अडीच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. एवढी पाटी नंबरप्लेटच्या जागी कशी मावणार? गाडीच्या नाकाडावर, समोरच्या जाळीवर मात्र ती अगदी मापात बसली, जणू कारखान्यातूनच तशी आली होती. मी चार बोल्ट आवळले. अप्पा लांब उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग जवळ आले, खिशातल्या रुमालानं 'श्री' पुसला आणि घरात गेले.

मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा पास झालो, पण त्या पुसण्यासारखा निकाल परत लागला नाही.

आत्तीला आणायच्या आधीच्या रविवारी आम्ही सरावासाठी धारवाडच्या रस्त्याला लागलो. नवलूरच्या चढावर बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर निघायला लागला.

"अप्पा, वाफ!"

अप्पांचा चेहरा उजळला. "वाफ धरली व्हय?" ते म्हणाले. "म्हटलंच मी. तब्येतीची हाय गाडी."

तीस वर्षांत वाफ न येणं हाच आजार त्यांनी बघितला होता. मोटारीत वाफ आली की आनंद मानायचा नसतो, हे मला त्यांना पुस्तकातल्या पानासह समजावून सांगावं लागलं. तोवर झाकण उडालं आणि उकळत्या पाण्याचा फवारा वर गेला. मग मात्र अप्पा गंभीर झाले, त्यांनी जमिनीवरचं पाणी बोटावर घेऊन चाखलं, थुंकलं आणि निदान केलं.

"पाण्याचा दोष. खारं पाणी. नळ्यांत खार साचलाय."

हे निदान चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, बाकी सगळा कारभार विहिरीच्या पाण्यावर, आणि ते पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही. तांब्याच्या हंड्यावर खार चढला की आई चिंच लावायची. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटरही तांब्या-पितळेचाच. मग वेगळं काय करायचं? संध्याकाळी आईची वर्षाची चिंच पातेल्यात भिजत पडली.

"आमटीत काय घालू?" आईनं विचारलं.

"आठवडाभर आमसूल घाल," अप्पा म्हणाले.

कोळ गाळून रेडिएटरमध्ये ओतला, तासभर इंजिन चालवलं आणि खालची तोटी सोडली. तांबडं, गढूळ, खवल्यांचं पाणी निघालं. अप्पा खूष. मी खूष. स्वच्छ पाणी भरलं, आणि रेडिएटर तीन ठिकाणी गळायला लागला. खार साचलेला होता हे खरंच होतं. इतकी वर्षं भोकं त्यानंच बुजवून ठेवली होती.

गळतीवर उपाय मालधक्क्यावरच्या लॉरी ड्रायव्हरांनी सांगितला: हळद घाला. हळद गरम पाण्यात फुगते आणि भोकात जाऊन बसते. आईनं डबा दिला, पण माझ्याकडे न बघता दिला. गळती खरोखर थांबली. मात्र इंजिन गरम झालं की गल्लीभर हळद-चिंचेचा वास सुटायचा. शेजारच्या गंगक्का भिंतीवरून डोकावून आईला म्हणाल्या, "एन्री, इवत्तु सारु जोर ऐतेन?" आज सार झकास झालेलं दिसतंय, असं. आईनं गाडीकडे बोट दाखवलं. त्यानंतर गंगक्कांनी वास आला की काही विचारणं सोडलं.

गाडी तरीही तापायचीच. आणि तिचं एक विचित्र होतं. घरासमोर बॉनेट उघडून, स्टुलावर बसून आम्ही तासन् तास इंजिन चालवावं, तर तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. बॉनेट लावून रस्त्यावर काढली की नवलूरच्या चढावर फवारा.

"तुमच्यासमोर शहाणी, रस्त्यावर उंडगी," आई म्हणाली.

"बॉनेट उघडं ठेवूनच गावाला गेलो तर?" मी सुचवलं.

"मग पुढचं बघणार कोण? आत्ती?"

(तेव्हा अगदी जवळून उत्तर आमच्या अंगावरून गेलं होतं. उघड्या बॉनेटमधून वारा आत येतो, एवढंच समजायचं होतं. पण दोघा तज्ज्ञांचं लक्ष आत होतं, बाहेर नव्हतं.)

आता माझी पाळी. पुस्तकात लिहिलं होतं की थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, अडकली की इंजिन तापतं, आणि ती उकळत्या पाण्यात टाकून तपासावी. मी ती काढली आणि तपासली. कशात, ते पुस्तकात लिहिलं नव्हतं. मी आईचं चहाचं पातेलं घेतलं. झडप बरोबर उघडली, बरोबर मिटली, तिच्यात काही दोष नव्हता. चहाला मात्र पुढचे आठ दिवस ग्रीसचा वास होता, आणि अप्पा सोडून कुणाला तो चालला नाही. ते म्हणायचे, "शेडमधला चहा असाच असतो बघ," आणि दुसरा कप मागायचे.

शनिवारी रात्री आम्ही जेवायला बसलो. शेवटी आई म्हणाली, "अहो, मी सांगू का? टॅक्सी करा. त्यांना दिसतंय कुठं?"

अप्पांनी घास खाली ठेवला. "तिला दिसत न्हाई," ते म्हणाले. "मला दिसतंय की."

रविवारी सकाळी आम्ही पाण्याच्या दोन घागरी, एक कळशी आणि ओलं पोतं घेऊन निघालो. नवलूरच्या चढावर पहिली घागर संपली. धारवाडला सप्तापुरात एका प्राध्यापकांच्या बागेतून पाणी मागितलं. त्यांनी नळी दिली आणि पाणी भरेपर्यंत उष्णता म्हणजे काय ते सांगितलं. त्यापुढे दर पाच-सहा मैलांना थांबा. ओढा दिसला की मी कळशी घेऊन पळायचो. पुढे दाट झाडी लागली तेव्हा अप्पा गाडीशी बोलायला लागले होते. कारखान्यात इंजिनाशी बोलायचे तसंच, कानडीत, हळू आवाजात. "स्वल्प तडी, तंगी, स्वल्प तडी." थोडं थांब गं, धाकटे, थोडं थांब.

ती थांबलीच. गावाच्या वेशीवर, चावडीच्या बरोबर समोर. मोठा फुस्स आवाज झाला आणि गाडी वाफेत दिसेनाशी झाली.

मला तो क्षण आजही नको वाटतो. कट्ट्यावर तीच माणसं बसलेली होती. अप्पा इस्त्रीच्या शर्टात गाडीतून उतरले आणि मागं जाऊन ढकलायला लागले. मीही लागलो. पंधराव्या वर्षापासून ज्या दिवसाची वाट बघितली, त्या दिवशी माझे वडील आपल्याच गावात आपलीच गाडी घाम गाळत ढकलत होते. कट्ट्यावरून कुणीतरी हसलं. आता "काय यल्ल्या" येणार म्हणून मी मान खाली घातली.

वाफ विरली. कट्ट्यावरचा एक म्हातारा उठून पुढं आला, चष्मा सारखा केला आणि पाटी वाचायला लागला. एकेक अक्षर लावत, मोठ्यांदा, कानडीत. "श्री... यल्लाप्पा... धर्मा... कांबळे." वाचायला घेतल्यावर त्याला पूर्ण नाव घ्यावंच लागलं. मग बाजूच्या माणसानं खालची मराठी ओळ वाचली. मग पोरांनी दोन्ही वाचल्या. अप्पा गाडीच्या मागं होते, त्यांचं तोंड मला दिसलं नाही. त्यांनी ढकलणं थांबवलं होतं एवढं मात्र कळलं.

"कोण म्हणालं यल्लाप्पा?" गल्लीच्या तोंडाशी आत्ती उभी होती, काठी टेकत.

"अक्का, मी," अप्पा म्हणाले. "आलो बघ न्यायला."

"मोटारीतनं?"

"मोटारीतनंच. जरा तापलीय."

आत्ती आली आणि म्हैस विकत घ्यायला आल्यासारखी गाडी मागून पुढं चाचपत निघाली. टप, दार, दिवा. पुढं येऊन तिचा हात पाटीवर पडला. पाटी चुलीवरच्या तव्यासारखी झाली होती, पण जन्मभर भाकरी थापलेला हात तो, मागं सरला नाही. तिनं अक्षरांवरून बोटं फिरवली.

"हे काय?"

"अप्पांचं नाव, आत्ती," मी म्हणालो. "मी केलंय. दोन भाषांत."

"एवढं मोठ्ठं?" तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलं, परत चाचपलं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मग बोटं पाटीच्या कडेवरून मागच्या जाळीत गेली आणि ती थबकली. "आन् पोरा, ही बाई श्वास कुठनं घेती रे? तोंडच बांधलंयस की."

मी पाटीकडे बघितलं. अप्पांनी पाटीकडे बघितलं. मग अप्पांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांचं बॉयलर आणि दोन वर्षांचं पॉलिटेक्निक, आणि समोरची हवा अडली आहे हे आम्हाला एका आंधळ्या बाईनं सांगितलं, जिनं मोटारीला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला होता. पाटी एका भाषेत असती तर निदान निम्मी हवा तरी गेली असती.

मी पाना काढला. अप्पा म्हणाले, "थांब."

एवढ्या पाण्यानंतर, एवढ्या हळदीनंतर त्यांना नाव काढायचं नव्हतं. मलाही नव्हतं. मग त्यांनीच माझ्या हातातला पाना घेतला आणि चारही बोल्ट स्वतः सोडले. "डोळा महत्त्वाचा," ते म्हणाले.

"आण इकडं," आत्ती म्हणाली. पुढच्या सीटवर अप्पांच्या शेजारी ती ऐटीत बसली आणि पाटी तिनं मांडीवर घेऊन खिडकीला लावली, अक्षरं बाहेर. तशी ती गावातून निघाली. सगळ्या गावाला अप्पांचं नाव दाखवत. पाटी उलटी धरली होती, पण ते सांगायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही. हुबळी येईपर्यंत काटा एकदाही वर गेला नाही. घागर भरलेलीच परत आली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटली त्या दिवशी अप्पांनी गाडी मुद्दाम दवाखान्याच्या दारात आणून उभी केली होती. आत्तीनं बघितलं. "काळी हाय व्हय? मला वाटलंवतं निळी असंल." मग तिनं अप्पांकडे बघितलं, फार वेळ. "यल्लाप्पा," ती म्हणाली, "तू म्हातारा झालास की रे."

त्यालाही आता किती वर्षं झाली. वाफेची इंजिनं गेली. गाडी गेली. आत्ती गेली, अप्पा गेले, त्यांच्या मागोमाग आई. नवलूरचा चढ आता लक्षातही येत नाही, गाड्या भुर्रकन वर जातात. मला मात्र वाटतं, एकदा तरी तिथं थांबावं लागावं, झाकण उडावं, आणि शेजारी बसलेल्या माणसानं खूष होऊन म्हणावं, वाफ धरली व्हय. कुठं चिंच-हळदीचं सार उकळलं की मी अजून बाहेर डोकावून बघतो. गाडी नसते.

पाटी तेवढी आहे. पुढं मी पॉलिटेक्निकात शिक्षक झालो आणि 'इंजिन का तापते' हा धडा निवृत्त होईपर्यंत शिकवला. निवृत्तीनंतर छोटं घर बांधलं, त्यातल्या माझ्या खोलीत पाटी लावली. भिंतीवर उंच, अगदी मापात बसेल अशी एक जागा सापडली. त्या उन्हाळ्यापासून खोली भयंकर तापायला लागली. मी पंखा बदलला. गच्चीवर चुना मारून घेतला. शेवटी वायरमनला बोलावलं. तो शिडीवर चढला, पाटीच्या मागं हात घालून बघितला आणि म्हणाला, "सर, ही पाटी तुम्ही हवेच्या जाळीवरच ठोकलीय की."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. वायरमननं खिशातून पाना काढला.

"थांब," मी म्हणालो. 'श्री'वर थोडी धूळ बसली होती, ती मी रुमालानं पुसली. मग घसा खाकरून, बॉयलर फिटरच्या आवाजात दोघांना निदान सांगितलं.

"पाण्याचा दोष असणार."